पटाशी कुठल्या दिशेने गेली होती? जुनं लाकडी नक्षीकाम पुन्हा कोरताना

नंदुरबार किंवा शहाद्यातल्या फर्निचरच्या एखाद्या नव्या दुकानात गेलात तर देवघराच्या दारावर कोरलेला मोर किंवा गणपती बहुतेक सीएनसी मशीनवरचा असतो. डिझाइन पेनड्राइव्हवर येतं, फळी टेबलावर आवळली की मशीन सुरू, आणि काही तासांत दार तयार. त्यामुळे लोक मला जो प्रश्न विचारतात तो अगदी साहजिक आहे. जुन्या वाड्याचा एखादा कोरीव खांब कुजला, जळाला, तर उरलेल्या खांबाचं थ्रीडी स्कॅन करायचं आणि मशीनला द्यायचं. पटाशी आणि मोगरी घेऊन महिनोन्‌महिने ठोकत कशाला बसायचं?

माझा पीएचडीचा विषय लाकडाची सूक्ष्मरचना आहे, सुतारकाम नव्हे. पण या प्रश्नाचं उत्तर शेवटी सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतं, म्हणून आज त्यावर लिहितोय.

आधी साग समजून घेऊ. आपल्याकडचं बहुतेक जुनं नक्षीकाम सागातच आहे. सातपुड्यात आणि नवापूरला लागून असलेल्या डांगात साग भरपूर. डांगचा साग इतका मोलाचा होता की मुंबईच्या गोदीसाठी इंग्रजांनी 1842 च्या सुमाराला भिल्ल राजांकडून ही जंगलं भाडेपट्ट्याने घेतली. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी रसायनं असतात, ती वाळवीला आणि बुरशीला मानवत नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लाकडी कमानी आहेत आणि स्तूपावर लाकडी छत्र आहे, दोन्ही सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. वर दगडाचं छत असलं आणि पावसाचं पाणी लागलं नाही तर लाकूड किती टिकतं याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

आता ज्वारीच्या कडब्याची पेंढी डोळ्यांसमोर आणा. लाकूड साधारण तसंच असतं: लांबट, पोकळ पेशी एकमेकींना चिकटून उभ्या. पेंढी आडवी तोडायला जोर लागतो, पण उभी फाडायला काहीच नाही. त्यात सागाची स्वतःची एक खोड आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला झाड जोमाने वाढतं, तेव्हा पाणी वाहून नेणाऱ्या मोठमोठ्या वाहिन्या तयार होतात, उघड्या डोळ्यांना दिसतील इतक्या. पुढे वाढ मंदावते आणि वाहिन्या बारीक होतात. म्हणून सागाच्या फळीत विरळ आणि घट्ट असे पट्टे आलटून पालटून येतात. पटाशीला ते हाताखाली कळतात. घट्ट पट्ट्यातून ती स्वच्छ जाते आणि विरळ पट्ट्यात धार जरा बोथट असली की पेशी कापल्या न जाता चुरगळतात.

पटाशी म्हणजे पाचर. ती लाकडात शिरली की धारेच्या थोडी पुढे एक बारीकशी फट धावते. तंतू धारेपासून वर, बाहेरच्या बाजूला येत असतील तर फट पृष्ठभागाकडे येते आणि पातळ ढलपी सुटते. तंतू आत घुसत असतील तर फटही आत घुसते, आणि कमळाच्या पाकळीचं टोकच उखडून हातात येतं. उपाय एकच. पटाशी नेहमी उंचावरून खोलाकडे, तंतूंच्या उताराने न्यायची. पण कमळ गोल आहे आणि तंतू एकाच दिशेने आहेत. म्हणजे एका कमळाच्या आठ पाकळ्या दिसायला सारख्या असल्या तरी कोरायला सारख्या नसतात. वरची पाकळी एका बाजूने कापावी लागते, खालची उलट बाजूने, आणि डाव्या-उजव्या पाकळ्यांत तर मध्यावर दोन दिशांचे घाव येऊन भेटतात. ते भेटतात तिथे एक अगदी बारीक कडा राहते. पाकळीच्या मधली जी शीर तुम्हाला नक्षी म्हणून आवडते ना, ती पुष्कळदा अशीच आलेली असते. कारागिराने तिचा फायदा करून घेतलेला असतो.

शहाद्याकडचे एक वयस्कर सुतारकाका हे माझ्यापेक्षा फार थोडक्यात सांगतात: ‘लाकूड जठे सांगस, तठेच चालनं पडस.’ (अहिराणी न कळणाऱ्यांसाठी: लाकूड जिकडे सांगतं तिकडेच जावं लागतं.) मी सेमिनारमध्ये हे सांगायला वीस स्लाइड वापरतो.

आता मशीनकडे येऊ. सीएनसीचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेत फिरतं आणि तंतूंची दिशा त्याच्या हिशेबातच नसते. ते पेंढी उभी, आडवी, तिरकी कशीही कापतं. गोल टोकाच्या पात्याने आतला कोपरा पात्याच्या गोलाईइतकाच अरुंद होऊ शकतो, त्यामुळे पटाशीने येणारी सुरीसारखी रेघ येत नाही. तीन अक्षांच्या साध्या मशीनला पानाच्या खालून पोखरून पान मोकळं सोडता येत नाही, कारण पातं वरूनच येतं. मग सगळ्यावर सँडपेपर फिरवतात. धारदार पटाशीने कापलेला आणि सँडपेपरने घासलेला पृष्ठभाग भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहिला तर पहिल्यात वाहिन्यांची तोंडं स्वच्छ उघडी दिसतात, दुसऱ्यात ती भुशाने बुजलेली आणि वर ओरखड्यांची जाळी. तेल दोन्हींत वेगळं मुरतं आणि उजेडही वेगळा पडतो. मशीनचं काम ‘गुळगुळीत पण मेलेलं’ वाटतं असं लोक म्हणतात, त्यात नुसता जुन्याचा हळवेपणा नाही, थोडं भौतिकशास्त्रही आहे.

पण मला याहून महत्त्वाची वाटते ती स्कॅनची अडचण. स्कॅन करतो ते आज समोर असलेल्या वस्तूचं, कोरली त्या दिवशीच्या वस्तूचं नव्हे. दोनशे वर्षांत हात लागून कडा झिजल्या, तेलाचे आणि ऑइलपेंटचे थर चढले, लाकूड आकसलं. सागाची आकसण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत त्रिज्येच्या दिशेने साधारण 2.5 टक्के आणि वलयांच्या दिशेने 5.8 टक्के असते. लांबीत जवळजवळ शून्य. समजा, ओंडक्याच्या मध्यापासून बाजूला काढलेल्या ओल्या लाकडाचा 20 सेंटिमीटर व्यासाचा खांब गोल तासला. हवेशी जुळेपर्यंत वाळल्यावर त्याच्या दोन व्यासांत 4 मिलिमीटरच्या आसपास फरक पडेल, म्हणजे खांब किंचित लंबगोल होईल. ओंडक्याच्या मध्यातूनच काढलेला असेल तर तो लंबगोल न होता त्याला उभी भेग जाईल. स्कॅन इमानदारीने हा लंबगोल, ही झीज आणि हे रंगाचे थर नव्या लाकडात कोरून देईल. म्हणजे आपण कारागिराच्या कामाची नाही, त्याच्या म्हातारपणाची नक्कल करणार.

मग जुन्या कामाची खरी प्रत कशी करायची? पृष्ठभागावर उरलेल्या खुणा वाचून, हत्यार आणि घावांचा क्रम शोधून, त्याच क्रमाने पुन्हा कोरून. ही पद्धत पणाला लागली ती इंग्लंडमध्ये. लंडनजवळच्या हॅम्पटन कोर्ट राजवाड्याला 31 मार्च 1986 रोजी आग लागली. तिथे ग्रिनलिंग गिबन्स या सतराव्या शतकातल्या कारागिराने लिंडेनच्या लाकडात कोरलेली फुलाफळांची काम होती, इतकी पातळ की पाकळी हलेल असं वाटावं. त्यातली सुमारे सात फूट लांबीची एक लटकती माळ जळाली. ती पुन्हा कोरायचं काम डेव्हिड एस्टर्ली या अमेरिकन कारागिराकडे आलं आणि त्यात त्याचं जवळपास एक वर्ष गेलं. आगीतून वाचलेल्या कामांवर त्याला बारीक समांतर ओरखडे दिसले. गिबन्सच्या काळात आजच्यासारखा सँडपेपर नव्हता. मग घासलं कशाने? उत्तर निघालं एका वनस्पतीत: हॉर्सटेल, म्हणजे अकरावी-बारावीत आपण ‘इक्विसेटम’ म्हणून पाठ करतो तीच. तिच्या खोडात सिलिका असते, वाळलेलं खोड कानशीसारखं घासतं. एस्टर्लीने तेच वापरून पाहिलं आणि तसाच पृष्ठभाग मिळाला. पुस्तकात नसलेली माहिती लाकडावर तीनशे वर्षं लिहिलेली होती. ती वाचता आली, कारण तो स्वतः तेच काम करत होता.

हे वाचल्यावर माझ्या डोक्यात लगेच आपल्याकडची झाडं आली. खरवत नावाचं उंबराच्या कुळातलं झाड आहे, त्याची पानं इतकी खरखरीत की लाकूड आणि शिंग घासायला वापरत. पारिजातकाचं पान उलट्या बोटाने चोळून पाहा, त्यावर ताठ केस असतात. तेही लाकडाला आणि हस्तिदंताला झिलई द्यायला वापरल्याच्या नोंदी आहेत. आपल्या वाड्यांतल्या खांबांवर यातल्या कशाच्या खुणा आहेत का, हे पाहणं अवघड नाही. तिरका उजेड, चांगलं भिंग आणि घासला न गेलेला एक तुकडा एवढंच लागतं. शेवटची गोष्टच मिळत नाही. ती का मिळत नाही, यावर पुढे येतो.

पुण्याचा विश्रामबागवाडा घ्या. दुसऱ्या बाजीरावासाठी 1807 च्या सुमाराला बांधलेला, 1879 मध्ये काही भाग जळालेला, आणि अलीकडच्या काळात महापालिकेने टप्प्याटप्प्याने दुरुस्त केलेला. रस्त्यावरून दिसणारा त्याचा सज्जा ही पेशवाई लाकूडकामाची वहीच आहे: सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, खांबांच्या मध्ये महिरपी, कोपऱ्यात उलटी लोंबणारी केळफुलं. बरेच लोक या महिरपींना कमानी समजतात. भार त्या घेत नाहीत, तो खांब आणि तुळया घेतात. महिरप ही स्वतंत्र फळ्यांतून कोरून मध्ये बसवलेली झालर असते. प्रतिकृती करणाऱ्याला हा फरक कळला पाहिजे, कारण त्यावरून लाकूड कसं धरायचं ते ठरतं. खांबात तंतू उभे, म्हणून सुरूची पानं तंतूंच्या लांबीने कोरली जातात आणि मजबूत राहतात. महिरपीच्या फळीत टोकदार पाकळी कुठे ना कुठे आडव्या तंतूंवर येतेच, आणि तिथे ती ठिसूळ होते. जुन्या महिरपींची टोकं मोडलेली दिसतात ती बहुधा याच जागी.

शनिवारवाड्याचं नेमकं उलटं. तो 1732 मध्ये पुरा झाला, साग जुन्नरच्या जंगलातून आला, आणि देवजी सुतार, कोंडाजी सुतार अशी कारागिरांची नावंसुद्धा सांगितली जातात. पण 1828 च्या आगीत आतलं लाकूडकाम राख झालं. नावं उरली, काम गेलं. तो ‘पुन्हा बांधा’ अशी मागणी अधूनमधून होते, त्यावर माझं मत स्पष्ट आहे: ज्याचा एक तुकडाही हातात नाही त्याची प्रतिकृती होत नाही, कल्पनाचित्र होतं. 1964 च्या व्हेनिस सनदेतही हीच रेषा आखलेली आहे, अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. त्याच सनदेत असंही आहे की नवा घातलेला भाग जुन्याशी जुळावा, पण ओळखू यावा. इंटॅकच्या 2004 च्या सनदेने भारतासाठी यात थोडी मोकळीक ठेवली. आपल्याकडे परंपरेने काम करणारे कारागीर अजून आहेत, त्यांना त्यांच्या पद्धतीने नवं घडवू द्यावं, असा तिचा सूर आहे. मला तो पटतो, फक्त ‘अजून आहेत’ हे किती दिवस खरं राहील ते सांगता येत नाही.

आपल्या शेजारीच एक उदाहरण आहे जिथे हा वादच उद्भवत नाही. नवापूरच्या सीमेपलीकडे, गुजरातमधल्या सोनगढ-व्यारा भागात गामीत, चौधरी, वसावा समाज मोगरा देवाची, म्हणजे मगरीची, लाकडी मूर्ती खांबावर बसवतात. एबरहार्ड फिशर आणि हकू शाह यांनी 1971 मध्ये त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. मूर्ती उघड्यावर असते, उन्हापावसात झिजते. नवी करायची तर जुनीचं माप कुणी मिलिमीटरमध्ये घेत नाही; मगर कशी असते आणि कशी करायची हे माहीत असलं की झालं. तिथे जपायचं असतं ते करण्याचं ज्ञान. वाड्याच्या खांबाला हाच नियम जसाच्या तसा लावता येणार नाही, तो उघड्यावर नाही आणि त्याला अजून शंभर वर्षं सहज आहेत. पण पटाशीने केलेल्या प्रतिकृतीत याच जातीचं काहीतरी टिकतं असं मला वाटतं.

हत्यारांबद्दल थोडं. ‘पारंपरिक हत्यारं’ म्हटलं की लोकांना वाटतं एक पटाशी आणि एक हातोडी. नक्षीच्या कामाला सपाट पटाश्या वेगवेगळ्या रुंदीच्या लागतात, गोल पटाश्या वेगवेगळ्या वाकाच्या लागतात, मोठं लाकूड तासायला वाकस, भोकांना गिरमिट. जुन्या कामात खोबणीची रुंदी मोजली की हत्याराची रुंदी कळते, आणि एखाद्या पटाशीच्या धारेला बारीक खांडा पडलेला असेल तर तो प्रत्येक घावात एक उंच रेघ सोडत जातो. दोन खांबांवर तीच रेघ सापडली तर ते एकाच पटाशीचं, बहुधा एकाच माणसाचं काम. गोळीवरच्या ओरखड्यांवरून बंदूक ओळखतात तसंच हे. आणि ती रेघ मध्येच नाहीशी झाली तर? तर तिथे त्याने धार लावली. सागात सिलिका असते, ती पोलादाची धार खाते, त्यामुळे धार वारंवार लावावी लागते. माझ्याकडे गणेशपट्टीचा एक तुकडा आहे, पाडलेल्या घराचा, घरमालकांनी दिलेला. त्यावरच्या वेलीत डावीकडून चौथ्या पानानंतर घाव एकदम स्वच्छ होतात. तो माणूस तिथे थांबला, उठला, दगडावर धार लावून आला. कोण होता कुणास ठाऊक, पण त्याची ती विश्रांती मला दिसते.

लाकूडही तेच मिळवावं लागतं. वीस-पंचवीस वर्षांच्या लागवडीच्या सागात बाहेरचं कच्चं लाकूड जास्त आणि गाभा कमी असतो. झाडाच्या लहानपणीचं लाकूड पुढे जास्त वाकतं आणि त्याच्या गाभ्यातही ती वाळवीरोधक रसायनं जुन्या झाडाच्या मानाने कमी भरलेली असतात. म्हणून जाणकार लोक शक्यतो पाडलेल्या घरांच्या जुन्या तुळया वापरतात. सुकण्याचं, आकसण्याचं काम लाकडाने केव्हाच उरकलेलं असतं.

आणि इथेच गोष्ट आपल्या जिल्ह्यावर येते. नंदुरबार सुरत-बऱ्हाणपूर या जुन्या व्यापारी वाटेवरचं गाव. इकडच्या जुन्या पेठांतल्या घरांच्या हस्तांवर, चौकटींवर, माडीच्या कठड्यांवर पेशवाईपेक्षा गुजराती वळण जास्त दिसतं. ही घरं कुठल्याही संरक्षित यादीत नाहीत. वाटण्या होतात, घर पडतं, आरसीसी उभं राहतं. तुळया आणि वासे वजनावर जातात, कोरीव चौकट ‘अँटिक’ म्हणून शहरात. तिथे पोहोचण्याआधी तिच्यावर बेल्ट सँडर फिरतो, कारण गिऱ्हाइकाला ती स्वच्छ हवी असते. दोन मिनिटांत वरचा अर्धा मिलिमीटर निघून जातो. आकार तसाच राहतो, पण पटाशीची रुंदी, खांड्याची रेघ, घासलेल्या पानाचे ओरखडे त्या अर्ध्या मिलिमीटरमध्येच असतात.

मी मशीनचा वैरी नाही. नव्या खांबाचं जादा लाकूड पट्टीकरवतीने काढा, ढोबळ आकार राउटरने द्या, माझी हरकत नाही. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर मात्र हाताने, खुणा वाचलेल्या माणसाने, योग्य दिशेने. जिल्ह्यात असे हात अजून आहेत. त्यांना आज काम मिळतं ते दारं बसवण्याचं आणि प्लायवूड कापण्याचं, कारण नक्षीच्या मजुरीत मशीनशी त्यांची तुलना होते आणि ते हरतात.

तुमच्या घरचं किंवा गल्लीतलं एखादं जुनं लाकूडकाम निघणार असेल तर घासण्याआधी एवढं करा. अंधार पडल्यावर मोबाइलचा टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून, आडवा धरा. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही, आडव्या उजेडात प्रत्येक घावाची सावली पडते. शेजारी मोजपट्टी ठेवून दुसऱ्या फोनने फोटो काढा, मग टॉर्च दुसऱ्या बाजूला नेऊन परत काढा. तुकडा उलटा करून मागची बाजूही घ्या. भिंतीकडच्या बाजूला कुणी झिलई दिलेली नसते, त्यामुळे वाकसाचे घाव तिथे परवा मारल्यासारखे ताजे सापडतात.